रविवारीसुद्धा त्याच वेळी ऊठ

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकच पान चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, बसल्या जागी उगाच धडधडतं, संध्याकाळ झाली की दिवस वाया गेला म्हणून रडू येतं. आणि या सगळ्यावरून तू ठरवून टाकलंस की आपल्यात जिद्दच नाही. मग तीन अ‍ॅप घेतलीस, भिंतीवर रंगीत वेळापत्रक लावलंस. पत्राच्या शेवटी मात्र सहज सांगावं तसं लिहिलंस की रात्री दोन-अडीचपर्यंत झोप लागत नाही आणि रविवारी अकरापर्यंत झोपून तू ती भरून काढतेस. माझं सगळं उत्तर त्या एका वाक्याला आहे.

उठायची वेळ पक्की कर. रोज एकच. सुट्टीत तीच, रविवारी तीच, रात्री डोळा उशिरा लागला तरी तीच.

झोपायची वेळ म्हणत नाहीये मी, उठायची म्हणतोय. झोप हुकूम सोडून येत नाही. अंथरुणावर पडून 'आता झोपलंच पाहिजे' असं म्हणणाऱ्याची तर ती हटकून उडते. उठणं मात्र आपल्या हातात असतं. म्हणूनच निद्रानाशावर उपचार करणारेसुद्धा उठायची वेळ ठरवण्यावर एवढा भर देतात.

शरीराचं आतलं घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट चालू होता. दिवस मोजण्यात तो एवढा चुकला, तरी त्याचं झोपणं-उठणं २४ तासांहून थोड्याच मोठ्या चक्रात चालू राहिलं होतं. हे चक्र रोज सकाळी जागेवर आणावं लागतं आणि ते काम प्रामुख्याने डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड करतो. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. तेव्हा उठल्यावर थोडा वेळ बाहेर जा. खिडकीशी बसून भागवू नकोस.

आता तुझा रविवार बघ. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेचा दाब तयार होतो. अकराला उठलीस, म्हणजे रात्री अकरा वाजता तू जेमतेम बारा तास जागी असतेस. झोप येणार कुठून? त्यात संध्याकाळी चहा-कॉफी. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग उतरायलाच सुमारे ५ तास लागतात आणि तेवढा वेळ ते अ‍ॅडेनोसिनला काम करू देत नाही. मग पडल्या पडल्या फोन, मग रात्रीचे दोन, मग सोमवारी सातचा अलार्म. तो बंद करायला हात उशीखाली जातो, अंगठा सवयीने संदेशांवर जातो, तिथून कुणाच्या तरी फोटोंवर. पाय जमिनीला लागायच्या आत पाऊण तास गेलेला असतो आणि तीन गोष्टींची धास्ती मनात शिरलेली असते. त्यानंतर तू पुस्तक उघडतेस आणि पान डोक्यात शिरत नाही म्हणून स्वतःला आळशी म्हणतेस! अगं, या अवस्थेत कुणाच्याच डोक्यात शिरणार नाही. अलार्मचं साधं घड्याळ घे आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव. अ‍ॅप काढून टाकलीस तरी चालेल.

पहिला आठवडा जड जाईल, चिडचिड होईल. त्या दिवसांत गाडी चालवू नकोस. फारच पेंग आली तर दुपारी वीसेक मिनिटं पड, पण तीनच्या आत. तुझ्या वयाला किमान ७ तास झोप हवीच, ती या ठरलेल्या वेळेच्या मागे हळूहळू जमून येते. '२१ दिवसांत सवय लागते' यावर विसंबू नकोस. लंडनमधल्या एका अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसले. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं.

मला लोक हेकट म्हणतात. गप्पा ऐन रंगात आल्या की मी उठतो, कारण सकाळची वेळ हलणार नसते. यामुळे एक-दोन जुने मित्र दुरावले आणि त्याची खंत आजही आहे. त्यांना वाटलं, याला आमची किंमत नाही. तसं नव्हतं. पण डोक्यात कायमचं धुकं घेऊन मी त्यांच्याही काही उपयोगाचा नव्हतो, हे त्यांना नीट समजावता आलं नाही. तरी वेळ हलवली नाही, पुढेही हलवणार नाही. सकाळी कामाला बसलो की वाक्य एकदाच वाचावं लागतं आणि किरकोळ बोलण्याने दिवसभर मन पोखरत नाही. हे मी कशाच्याच बदल्यात सोडणार नाही.

एक गोष्ट मात्र या पत्राच्या आवाक्याबाहेरची आहे. दोन आठवडे सलग मन खालीच असेल, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणंच नको असं वाटलं, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नकोस, त्याच दिवशी जा. तिथे जाण्यात कमीपणा नाही, हे तुला मी सांगायला नको.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागू का, असं विचारलंस. नाही. दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. तुझा पेपर दहाचा आहे, म्हणजे उठायची वेळ सहा धर, परीक्षेच्या दिवशी नव्हे, उद्यापासूनच. आणि हा पहिला रविवार कसा गेला ते सोमवारी मला लिही.