कायदा आणि आपण : बेकायदा झडतीतला पुरावा

प्रश्न : मी सोलापुरात विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेत राज्याचा कायदा मोडून घेतलेल्या झडतीतला पुरावा न्यायालयात चालतो का?

उत्तर : चालू शकतो. ‘व्हर्जिनिया विरुद्ध मूर’ (२००८) या खटल्यात निलंबित परवान्यावर गाडी चालवणाऱ्याला राज्याच्या कायद्यानुसार केवळ समन्स द्यायचे असताना पोलिसांनी अटक केली आणि झडतीत १६ ग्रॅम क्रॅक कोकेन सापडले; तरीही अटकेला सबळ कारण होते, त्यामुळे संघराज्याच्या घटनेतील चौथ्या दुरुस्तीचा (अवाजवी झडती आणि अटकेपासून संरक्षण देणारी तरतूद) भंग झाला नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. उलटही घडते. रस्त्याकडेला ठेवलेली कचऱ्याची पिशवी वॉरंटशिवाय उघडण्याला याच न्यायालयाने १९८८ मध्ये हरकत घेतली नाही, परंतु न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्वतःच्या राज्यघटनेचा आधार घेऊन वॉरंट आवश्यक मानले. (घंटागाडीची वाट पाहणाऱ्या सोलापूरकराला हा वाद गमतीचा वाटेल.) राज्य आपल्या घटनेनुसार नागरिकाला अधिक संरक्षण देऊ शकते, संघराज्याने दिलेले संरक्षण मात्र त्याला कमी करता येत नाही. आपल्याकडे राज्यांना वेगळ्या घटना नाहीत, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ‘पूरणमल’ निकालानुसार (१९७४) पुरावा प्रकरणाशी संबंधित असेल, तर केवळ झडती बेकायदा होती म्हणून तो सहसा वगळला जात नाही.