सीईचं सर्टिफिकेट विकत घ्यावं का?

प्रश्न : वाळूजला आमचं 9 माणसांचं युनिट आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणारा 24 व्होल्टचा कंट्रोलर आम्ही बनवतो. पुण्याच्या एका कंपनीला तो जर्मनीला पाठवायचाय. त्यांनी ‘रोह्स’चं (विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवर बंधनं घालणारा युरोपचा नियम) डिक्लेरेशन आणि डब्यावर ‘सीई’ मार्क मागितलाय. एक एजंट 18 हजारांत, 4 दिवसांत सीई सर्टिफिकेट देतो म्हणतो. घ्यावं का? सोबत डब्याचा फोटो जोडला आहे.
– एक उद्योजिका, वाळूज

उत्तर : ताई, घेऊ नका. तुमच्यासारख्या कंट्रोलरला सीई कुणी ‘देत’ नसतं. आपला माल युरोपच्या नियमांत बसतो, असं उत्पादकानं स्वतःच्या सहीनं जाहीर करायचं असतं आणि त्यामागची कागदपत्रं 10 वर्षं सांभाळायची असतात. काही मालांवर सीईशेजारी चार आकडी नंबर दिसतो, तो त्रयस्थ संस्थेचा. तुम्ही लिहिलंय तशा साध्या कंट्रोलरला तो लागत नाही. उद्या तिकडं तपासणी झाली तर एजंटचा कागद कुणी विचारणार नाही, फाइल मागतील.

पुण्याला आजच फोन करून विचारा, डब्यावर नाव कुणाचं छापायचं? त्यांचं असेल तर कायद्यानं उत्पादक ते. मार्क आणि जाहीरनामा त्यांचा. तुम्ही फक्त आत काय-काय वापरलंय ते खरं-खरं लिहून द्यायचं. नाव तुमचं असेल तर सगळी जबाबदारी तुमच्यावर येते. 24 व्होल्टमुळे लो व्होल्टेजचा नियम लागत नाही, तो 50 व्होल्ट एसीपासून सुरू होतो. ईएमसी, म्हणजे विद्युत-चुंबकीय अडथळ्यांचा नियम, मात्र चुकत नाही, त्यासाठी लॅब गाठावी लागेल. आत सिमकार्ड किंवा वायफाय असेल तर रेडिओ उपकरणांचे नियम येतात. तसं असल्यास पुन्हा लिहा, ते वेगळं प्रकरण आहे.

आता रोह्स. शिसं, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमची विषारी जात), ब्रोमीनची दोन अग्निरोधक रसायनं आणि 2019 पासून चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं), अशी दहा बंधनं. मर्यादा वजनाच्या 0.1 टक्का, कॅडमियमला 0.01. पण हा टक्का कशाचा, इथंच बहुतेकांची गल्लत होते.

मी 2007 साली एका कारखान्यात आवक माल तपासायचो. आमचा एक लॉट परत आला. बोर्ड ठीक, वायर ठीक. अडकला अर्थिंगच्या एका पिवळ्या वॉशरवर. आमच्या साहेबांनी सगळ्या डब्याचं वजन घेऊन भागाकार करून दाखवला, बसतंय म्हणाले. तसा हिशोब चालत नाही. जो पदार्थ आणखी वेगळा काढता येत नाही, त्याच्या वजनाशी टक्का धरायचा. म्हणजे वॉशरचं लोखंड वेगळं, त्यावरचं झिंक वेगळं आणि झिंकवरची ती पिवळी झाक आणखी वेगळी. त्या झाकेतच हेक्झाव्हॅलंट क्रोमियम होतं. तो वॉशर मीच पास केला होता, प्लेटिंगवाल्याला काहीही न विचारता. म्हणून सांगतो, प्लेटिंगवाल्याकडून ‘ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन’ (बंधन नसलेल्या जातीच्या क्रोमियमची झाक) असं चलनावर लिहून घ्या. नुसत्या रंगावर जाऊ नका, ट्रायव्हॅलंटलाही पिवळा रंग देतात. आणि एक्सआरएफच्या बंदुकीवर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावर, सगळा भरवसा नको. तिला क्रोमियम दिसतं, ते कुठल्या जातीचं हे कळत नाही. थॅलेट तर तिला दिसतच नाहीत आणि ते नेमके मऊ पीव्हीसी वायरीत आणि स्लीव्हमध्ये असतात. त्यांची तपासणी लॅबमध्येच करा, वायरीच्या प्रत्येक रंगाची.

सोल्डरचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारतो. टेबलावर अजून 60/40 वायर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) आहे का? ती 183 अंशाला वितळायला लागते, बिनशिशाची साधारण 217 ला. त्यामुळे मुली कुरकुरतात, जुनी बरी होती म्हणतात. त्यांना बिटचं (आयर्नच्या टोकाचं) तापमान वाढवून द्या, पण बिट, स्पंज आणि ट्रे दोन्हींसाठी वेगळे ठेवा. रिपेअरचा एक जुना सोल्डरिंग आयर्न बिनशिशाच्या बोर्डाला लागला तरी जोडात शिसं उतरतं.

शिसं सांभाळायला युरोपपेक्षाही जवळचं एक कारण आहे. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही, ते हाताला लागून पोटात जातं. त्याच टेबलावर डबा उघडून, हात नुसते पुसून भाकरी मोडणाऱ्या बाया मी वर्षानुवर्षं पाहिल्यात. जेवायची जागा आजच वेगळी करा, साबण ठेवा. यासाठी ऑर्डरची वाट बघू नका.

पितळी टर्मिनलची काळजी वाटत असेल तर तांब्याच्या मिश्रधातूत 4 टक्क्यांपर्यंत शिशाला सूट दिलेली आहे. अशा सवलती मुदतीच्या असतात, पाठवण्याआधी ताजी स्थिती बघून घ्या. आपल्याकडच्या ई-कचरा नियमांतही, 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या, यादीतल्या उपकरणांना यातल्या पहिल्या सहा पदार्थांची हीच मर्यादा आहे. तेव्हा केलेली मेहनत इथल्या गिऱ्हाइकासाठीही कामी येईल.

फाइलसाठी एका वहीत आडव्या ओळी पाडा : भाग, पुरवठादार, त्याचा कागद, तारीख. रेझिस्टरचे कागद कंपन्यांकडून सहज मिळतात. त्रास होतो तो मोंढ्यातून सुटे घेतलेल्या वस्तूंचा. फोटोत तुमच्या डब्याच्या बिजागरीचे चारही स्क्रू पिवळे दिसतायत. पहिली ओळ त्यांची लिहा.