प्लग काळे पडले की बदलावेच लागतात का?

प्रश्न : गाडीचे स्पार्क प्लग काढले असता एकाच्या टोकावर काळा थर दिसला. चारही बदलावेत, की साफ करून ठिणगी पडते त्या दोन टोकांमधले अंतर जुळवले तरी चालेल?

उत्तर : आधी तो थर बोटाने पुसून पाहावा. कोरडी, काजळीसारखी पूड असेल तर इंधनाचे प्रमाण जास्त होत असावे किंवा त्या प्लगला ठिणगीच नीट मिळत नसावी. थर ओला व तेलकट असेल, तर सिलिंडरमध्ये ऑइल उतरत आहे आणि नवा प्लगही लवकरच तसाच होईल. फिकट तपकिरी किंवा करडा रंग निरोगी इंजिनाचा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या भागाला तडा असल्यास प्लग टाकूनच द्यावा.

अंतर बहुधा ०.७ ते १.१ मिमी असते, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या साधनाची) पट्टी त्या फटीतून किंचित अडखळत सरकली पाहिजे. वाकवायचा तो फक्त बाहेरचा, वळलेला इलेक्ट्रोड (धातूचे टोक). मधल्यावर टेकू घेऊन उचकटणे ही नेहमीची चूक, आणि इरिडियम या धातूच्या बारीक टोकाला तर ती हमखास भोवते. प्लग थंड इंजिनातच, आधी हाताने फिरवून बसवावेत.