सोसायटीतल्या सफाई कामगारांचा सत्कार करायचा आहे, काय भेट द्यावी?

शाल तर मुळीच देऊ नका. माझ्या आईला मिळालीय तशी एक, म्हणून सांगते.

आई पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करते. आजी-आजोबा बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आले आणि आजी कचराकुंड्यांतून कागद-काच वेचायला लागली. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, आजी तिची सभासद. पुढे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेचा पालिकेशी करार झाल्यावर आई ढकलगाडी घेऊन दारोदार जाऊ लागली. घरटी ठरलेले पैसे लोकांनी दर महिन्याला तिच्याच हातात द्यायचे, अशी पद्धत आहे. पालिका तिला पगार देते असं अजूनही कितीतरी लोकांना वाटतं. देत नाही.

2017 साली मी बारावीत होते. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात एका सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात आईने हात घातला. वर चहाचा चोथा आणि शिळा भात, खाली फुटलेला काचेचा ग्लास. ग्लासाचा बूड अंगठ्याच्या मुळाशी घुसला. पाच टाके पडले. घरी आली तेव्हा पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं आणि त्या रक्ताला चहाच्या चोथ्याचा वास येत होता. आठ दिवस तिच्या जागी मावशी गेली, कचरा एक दिवसही पडून राहिला नाही.

2 ऑक्टोबरला त्याच सोसायटीत सत्कार झाला. मंचावर गाडगेबाबांचा फोटो, हार वगैरे. आईच्या उजव्या हाताला पट्टी, म्हणून नारळ तिने डाव्या हातात घेतला. तसं करताना ती ओशाळली, ते मला आजही सहन होत नाही. हाताला काय झालं, हे मंचावरच्या एकानेही विचारलं नाही.

तीनच दिवसांनी ती महिन्याचे पैसे आणायला गेली, तर चेअरमननी आठ दिवसांचे कापून घेतले. “तुम्ही कुठे आला होतात?” मावशी येत होती म्हटल्यावर, “आणि भंगार विकून मिळतातच की तुम्हाला.” मी शेजारीच उभी होते. गप्प बसले.

तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. पुठ्ठा, बाटल्या विकून पैसे मिळतात, खरंय. पण वापरलेले पॅड आणि डायपर कोणता भंगारवाला घेतो? नासलेली आमटी कोण विकत घेतो? तेही तिनेच उचलायचं असतं, आणि घरटी पैसे त्याचे असतात. ती बक्षिसी नाही, मजुरी आहे. आणि या कामाला पिढ्यानपिढ्या त्याच चार जातींची माणसं का दिसतात, हा प्रश्न एकाही सत्काराच्या भाषणात मी ऐकलेला नाही.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर ओला, सुका वेगळा करा, एवढं तर माहीत असेलच. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे ती पुडी उघडावी लागत नाही. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांतही ते नीट गुंडाळूनच द्यायचं म्हटलं होतं. फुटकी काच जाड कागदात बांधून वेगळी हातात द्या, आणि तोंडाने सांगा, “मावशी, काच आहे.” पैसे पाच तारखेच्या आत. बदली माणूस आला तरी पूर्ण. पार्किंगमधल्या नळाला हात धुवायला साबण ठेवा आणि लिफ्ट वापरू द्या. चार मजले डबे घेऊन उतरून बघा एकदा.

हे मी पुण्यातल्या कचरावेचकांबद्दल सांगितलं. तुमच्याकडे पालिकेचे किंवा कंत्राटी कामगार येत असतील तर पैशांचा हिशेब वेगळा असेल, पण काच सगळ्यांच्या हाताला सारखीच लागते. आणि सोसायटीचं चेंबर तुंबलं तर माणूस उतरवू नका, मशीन मागवा. सुरक्षा साधनांशिवाय तसं उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. गटारात माणूस मेला तर 30 लाख भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितलं, पण आधी तो मरावा लागतो.

साडीच द्यायची असेल तर दिवाळीला द्या, आईला आवडतात. फक्त त्या महिन्याच्या पैशांत ती धरू नका.