भूतान ‘आपलाच’ आहे का? थोडं लांब उत्तर

प्रश्न असा आहे : ‘भूतानला व्हिसा लागत नाही, तिथे रुपया चालतो, रस्ते आपलं सैन्य बांधतं. मग तो देश नावापुरताच स्वतंत्र ना? आणि ते सक्तीचे पारंपरिक कपडे पर्यटकांसाठीच असतात का?’ मे महिन्यात सहकुटुंब जायचा बेत आहे, असंही खाली लिहिलंय.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो. ताला जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर मी तीन वर्षं गेडूला होतो. सीमेवरच्या फुन्शोलिंगहून थिंफूला जाताना वाटेत लागणारं हे गाव वर्षातले निम्मे दिवस धुक्यात बुडालेलं असतं. ‘हा देश म्हणजे आपलंच एखादं राज्य’ अशा थाटात आम्हीही तिथे पोचलो होतो.

आधी कागद बघू. १९४९ च्या दार्जिलिंग करारात कलम २ होतं : भारत अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणार नाही आणि परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्याने चालेल. १९१० साली इंग्रजांशी झालेल्या करारातलंच हे कलम पुढे आलं होतं. ते २००७ साली बदललं. आता एकमेकांच्या राष्ट्रीय हिताच्या बाबतीत जवळचं सहकार्य करायचं आणि आपली भूमी दुसऱ्याविरुद्ध वापरू द्यायची नाही, एवढंच उरलंय. दुसऱ्या अटीचा अनुभव तर त्याआधीच, २००३ च्या डिसेंबरात आला होता. भारताविरुद्ध लढणाऱ्या उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे भूतानातले तळ भूतानी सैन्याने स्वतः मोडून काढले. दोचुला खिंडीत जे १०८ स्तूप बघाल ते त्याच लढाईचं स्मारक आहे. आपली मंडळी तिथे सेल्फी काढून पुढे जातात.

पण कागदापेक्षा महत्त्वाचं आहे ते १९७५. सिक्कीमचं राजघराणं बौद्ध आणि बहुसंख्य प्रजा नेपाळी वंशाची. आंदोलन झालं, भारताने लक्ष घातलं, सार्वमत झालं आणि सिक्कीम आपलं बाविसावं राज्य झालं. आपल्याकडे हा स्पर्धा परीक्षेतला एका मार्काचा प्रश्न असेल. थिंफूत मात्र ती शेजारच्या घराला लागलेली आग होती. उत्तरेकडचा तिबेट त्याआधीच गिळला गेला होता. आठ लाखही लोकवस्ती नसलेल्या देशाने यातून धडा घेतला : आपण वेगळे आहोत हे रोज, उघड्या डोळ्यांना दिसलं पाहिजे.

तुमचे ते ‘पारंपरिक कपडे’ इथे येतात. पुरुषांचा घो, बायकांचा किरा. (घो म्हणजे नवरा, हे माहीत असलेल्या आमच्या मालवणी सर्व्हेयरला पहिला महिनाभर हसू आवरत नव्हतं.) आचाराची ही सगळी संहिता म्हणजे द्रिग्लाम नामझा. १९८९ साली ती राजाज्ञेने सगळ्यांवर लागू झाली. त्याच सुमारास शाळांतून नेपाळी भाषा गेली. दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांकडे १९५८ सालचे रहिवासाचे पुरावे मागायला सुरुवात झाली. १९९० साली मोर्चे निघाले, मग धरपकड झाली आणि लाखाच्या आसपास माणसं नेपाळातल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत जाऊन पडली. नेपाळ आणि भूतानची हद्द कुठेच लागत नाही, म्हणजे ही माणसं आपल्याच भूमीवरून गेली. दिल्लीची भूमिका होती की हा त्या दोन देशांचा आपसातला प्रश्न आहे. भूतानला भारताची सगळ्यात मोठी मदत कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी धरणांच्या आधी हे मौन सांगेन.

आमच्या फुन्शोलिंगच्या गोदामात एक स्टोअरकीपर होता. भर उन्हाळ्यातही अंगात घो. संध्याकाळी पाच वाजले की तो बाह्या काढून कमरेला बांधायचा आणि घरी फोनवर नेपाळीत बोलायचा. कधी थिंफूच्या कचेरीत जायचं असलं की घडी घातलेला पांढरा काबने, म्हणजे खांद्यावरून घ्यायचा शेला, पिशवीत न चुकता असायचा. ‘तुझे काका कुठे असतात?’ असं मी एकदा सहज विचारलं. ‘झापाला,’ म्हणाला आणि सिमेंटच्या गोण्या पहिल्यापासून मोजायला लागला. पुढे २००७ नंतर छावण्यांतले बहुतेक लोक अमेरिका आणि इतर देशांत वसवले गेले. २०२५ साली अमेरिकेने त्यांतल्या काहींना भूतानला परत धाडलं, तर भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही. काहीजण फिरून नेपाळातच पोचले. ‘आनंदी देशा’ची ही बाजू सहलीच्या माहितीपत्रकात नसते.

आता परराष्ट्र धोरण. संयुक्त राष्ट्रांत भूतान १९७१ साली आला, पण सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी एकाशीही त्याचे औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत. चीनशी नाहीत, तसेच अमेरिकेशीही नाहीत. थिंफूत कायमचे दूतावासही मोजकेच, त्यांत भारताचा आणि बांगलादेशचा. याला लोक दुबळेपणा म्हणतात, मला हा पक्का हिशेब वाटतो. एका बड्याला दार उघडलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही.

तरी नाही म्हणायला ते शिकलेत, फक्त आवाज चढवत नाहीत. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चार देशांत मोटारी आणि ट्रक मोकळे फिरू देणारा बीबीआयएन करार २०१५ साली थिंफूतच झाला. पुढच्या वर्षी त्यांच्याच वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला, कारण एवढी वाहनं त्यांना नको होती. उत्तरेकडचा मोठा तुकडा घ्या आणि पश्चिमेकडचा डोकलामसह छोटा द्या, हा चीनचा प्रस्ताव नव्वदच्या दशकापासून पडून आहे, अजून हो म्हटलेलं नाही. २०१७ साली डोकलामला भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर आलं, तेव्हा २९ जूनचं भूतानचं निवेदन मी दोनदा वाचलं. चीनने आमच्या हद्दीत रस्ता बांधून करार मोडला, पूर्वस्थिती ठेवा, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. भारतीय सैन्याचं नावसुद्धा नाही. बोलावलं असंही नाही, बोलावलं नव्हतं असंही नाही!

अवलंबून ते आहेतच, ते कशाला नाकारायचं? त्यांचं चलन रुपयाला बांधलेलं आहे आणि वीज आपणच विकत घेतो. २०१३ साली निवडणुकीच्या तोंडावर भारताने गॅस आणि रॉकेलवरची सवलत थांबवली आणि सत्ताधारी पक्ष हरला. नंतर सवलत परत मिळाली, पण तिथला माणूस ते विसरलेला नाही. ‘आम्हीच तुम्हाला पोसतो’ असं टॅक्सीवाल्याला गमतीतही म्हणू नका. मी ऐकलंय, आणि पुढचे दोन तास गाडीत कुणी बोललं नव्हतं.

व्हिसा नाही हे खरं, पण परमिट लागतं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, आधारवर विसंबू नका. माणशी रोजचं १२०० रुपये शुल्कही आहे, निघण्याआधी ताजा दर बघून घ्या. जोंगमध्ये, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठ-कचेरीत, शिरताना अर्धी चड्डी आणि टोपी चालत नाही. आणि सीमेवरच्या जयगावच्या कमानीतून पलीकडे पाऊल टाकलंत की घड्याळ अर्धा तास पुढे करा. आमच्या कॅम्पवरचे निम्मे लोक ते तीन वर्षं भारतीय वेळेवरच ठेवून होते आणि दर मीटिंगला उशिरा पोचायचे.