वाचकांचे प्रश्न : दोरीपलीकडची गर्दी

प्रश्न : शिमगा झाल्यावर आमच्या मंडळाला मोटारसायकलींची २०० मीटरची ड्रॅग शर्यत (उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत वेगाची) लावायची आहे. सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या सपाट माळावरचा) सरळ डांबरी रस्ता पाहून ठेवलाय. दोन्ही कडांना बांबू रोवून दोरी बांधू, ‘प्रेक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर थांबावे’ असा फलकही लावू. एवढं पुरेल का? (गुहागर तालुका)

उत्तर : नाही पुरणार. गाडीचा वेग ताशी १२० किलोमीटर धरला, तर ती सेकंदाला ३३ मीटर जाते. गाडी १० अंशांनी जरी वाकडी गेली, तरी १० मीटरवरच्या माणसाला ती पावणेदोन सेकंदांत गाठते. कडेवर मूल घेतलेली बाई तेवढ्यात हलू शकत नाही. दोरीने गाडी अडत नाहीच, उलट ती चाकात गुंतते. १९६४ साली इंग्लंडमध्ये जुन्या मोटारींच्या शर्यतीत चाकात दोरी अडकली, दूरवरच्या मेखा उपटल्या आणि तिथे बघत उभा असलेला माणूस फेकला जाऊन मेला. दोरी नकोच.

माणसं रस्त्याहून उंच चढावर बसवा. गडग्याचा (दगड नुसते रचून केलेल्या कुंपणाचा) आडोसा धरू नका. धडक बसली की सुटे चिरेच उडतात. आरंभरेषेच्या मागेही कुणी नको, कारण चेन तुटते ती तिथेच आणि तुकडे मागे येतात. सगळ्यात धोक्याची जागा शेवटची रेषा, आणि गर्दी नेमकी तिथेच होते. त्या वेगातून स्वच्छ डांबरावर थांबायला सव्वाशे मीटर लागतात, जांभ्याची लाल धूळ असेल तर पावणेदोनशे. म्हणून पुढे ३०० मीटर रस्ता रिकामा ठेवा, मध्ये येणाऱ्या पायवाटांवरही माणूस उभा करा. रस्ता आदल्या दिवशी झाडून घ्या आणि शर्यत सकाळीच उरका. दुपारी समुद्रावरचा वारा हलक्या गाड्यांना कडेला ढकलतो. रुग्णवाहिका जागेवर हवी. ती रुग्ण घेऊन गेली, की परत येईपर्यंत शर्यत बंद.

आता कायदा. सार्वजनिक जागी वेगाची शर्यत लावायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारची लेखी संमती लागते. ग्रामपंचायतीच्या ठरावाने ती गरज भागत नाही. संमतीविना पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फलकाने फौजदारी जबाबदारी टळत नाही : निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्पर्धकांकडून लिहून घेतलेलं हमीपत्र प्रेक्षकांना लागू होत नाही.

विम्याचं तर आधीच वाचून घ्या. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत वगळलेली असते आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० नुसार विमा कंपनी तो बचाव घेऊ शकते. मग भरपाई चालक-मालकावर येते; मंडळ नोंदणीकृत नसेल तर पुढाकार घेणाऱ्यांवरही दावा होऊ शकतो. कार्यक्रमापुरता वेगळा दायित्व विमा (इतरांना झालेल्या इजेची भरपाई देणारा) घ्या आणि त्यात मोटार शर्यत वगळलेली नाही, हे लेखी घ्या. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक रसायनांसाठी आहे, त्याचा इथे उपयोग नाही.

प्रश्न : किनाऱ्यावर बैलगाडी शर्यतीला परवानगी मिळाली आहे. त्यातच दुचाकींची शर्यत लावली तर? (अलिबाग)

उत्तर : चालणार नाही. ती परवानगी प्राण्यांसंबंधीच्या कायद्यातली, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरवलेल्या दुरुस्तीखालची. लोकांना जायचा हक्क असलेला किनारा मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागाच ठरतो, तेव्हा दुचाकींसाठी कलम १८९ ची संमती वेगळी घ्यावी लागेल.