मरणापुढे मुकाट नमू नको म्हणणारी ती कविता कोणाची?

प्रश्न : ताई, मुलगा सुट्टीत आला तेव्हा त्याने मला 'इंटरस्टेलर' पिक्चर दाखवला. त्यात म्हातारा प्रोफेसर एक कविता म्हणतो, मरणापुढे मुकाट नमू नको अशा अर्थाची. मुलगा म्हणे अमेरिकन गायक बॉब डिलनची असेल. खरंय का?
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : नाही भाऊ, ती डिलन थॉमसची, वेल्समधल्या स्वान्सीचा कवी, जन्म १९१४, आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्कला वारला तेव्हा फक्त ३९ वर्षांचा. पण मुलाचा घोटाळा समजण्यासारखा आहे, कारण बॉब डिलनचं खरं आडनाव झिमरमन, नवीन नाव शोधत असताना ह्याच कवीच्या कविता वाचनात आल्या असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. बीटल्स ह्या इंग्लिश बँडच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर' अल्बमच्या कव्हरवरच्या गर्दीतही थॉमसचा फोटो आहे.

ती कविता १९ ओळींची, दोन ओळी ध्रुपदासारख्या फिरून फिरून येतात. त्याचे वडील शाळामास्तर, आजारपणात विझत चाललेले, त्यांच्यासाठी लिहिलीय. मी ती माझे वडील गेल्यावर वाचली आणि पुस्तक मिटून बसून राहिले.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याच्या नावाचा दगड १९८२ ला बसला, त्यासाठी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले जिमी कार्टर मागे लागले होते. स्वान्सीत पुतळा आहे. पण मला सगळ्यात भिडते ती वेल्समधल्याच लार्न गावातली त्याची लिहायची खोली, खाडीच्या वरच्या अंगाला, मुळात गाडी ठेवायची शेड. आत टेबल, खुर्चीवर अडकवलेला कोट, खाली चुरगळलेले कागद, जणू माणूस आत्ता उठून बाहेर गेलाय, लोक काचेतून बघतात. त्याच गावात त्याची कबर, तिच्यावर साधा पांढरा लाकडी क्रॉस.

तुम्ही धरणगावचे म्हणून सांगावंसं वाटतं, बालकवी तुमच्याच गावी जन्मले, १८९० ला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना बालकवी हे नाव मिळालं आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय जेमतेम २७. थॉमसपेक्षाही १२ वर्षं कमी! जळगावहून भुसावळला जाताना भादली आलं की मी अजूनही बोलता बोलता थांबते. पुढच्या सुट्टीत मुलाला त्या गाडीने घेऊन जा, खिडकीजवळ बसवा.